भिंतीची फळी

मागचं दार उघडलं की आता थेट पाच फूट खाली अंगण दिसायचं. बावीस वर्षांच्या सवयीने कुणी पाऊल टाकू नये म्हणून आत्याच्या थोरल्या भाच्याने दाराला दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या होत्या. आत्या त्या पट्ट्यांच्या अलीकडे खुर्ची टाकून बसली होती. प्लास्टरमधला पाय स्टुलावर आणि मांडीवर कुणाचा तरी कोट. ती काजं करत होती.

"तिथे कोपऱ्यात काय बसलात, आत्या? पुढच्या खोलीत या ना, सगळे आलेत," सूनबाई म्हणाली.

"इथून निदान ऊन दिसतं. पुढच्या खोलीत तुमची तोंडं दिसणार."

सूनबाई हसली, पण खुर्ची सरकवायला काही आली नाही. आत्याला तेच हवं होतं. इथे बसून पुढचं सगळं ऐकू येत होतं, आणि शिवणारी बाई ऐकत नाही असं लोकांना उगाच वाटतं.

आज रविवारी सकाळी सगळे जमले होते ते घर बंद करण्याचं पक्कं करायला. अप्पा थोरल्याकडे जाणार, त्याच्या हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत. आत्या त्याच्या धाकट्या बहिणीकडे, लिफ्ट असलेल्या इमारतीत. नवऱ्याचं घर सोडून आत्या भावाकडे, अप्पाकडे आली त्याला एकतीस वर्षं झाली होती. वहिनी वारल्यावर हे दोघंच या घरात उरले. चहा कुणी करायचा यावरून रोज भांडणारे. आणि आता मागच्या दाराबाहेरचा डेक, अप्पाने बांधलेला लाकडी ओटा, पडला म्हणून दोघं शहराच्या दोन टोकांना जाणार.

तो पडला तेव्हा आत्या त्याच्यावरच होती. दुपारच्या उजेडात सुईत दोरा ओवत होती. भिंतीकडची बाजू एकदम सुटली आणि ती, खुर्ची, टाचण्यांचा डबा सगळं घसरत खाली गेलं. घोटा दोन ठिकाणी मोडला. पण तिला खरी भीती वाटली ती दवाखान्यात. अप्पा बाकावर बसून एवढंच म्हणाला होता, "माझ्या हातचं काम होतं." त्यानंतर तेवीस दिवस तो बोललाच नव्हता. हो, नाही, जेवलो, बस. थोरल्याने घर बंद करण्याचं काढलं तेव्हा त्याने नुसती मान हलवली. पन्नास वर्षं सुतारकाम केलेला माणूस, स्वतःच्या करवतीला दुसऱ्याला हात लावू न देणारा. त्याने नुसती मान हलवावी, हे आत्याला पटलं नव्हतं.

म्हणून तिने परवा दोन फोन केले होते. एक धाकटीला. दुसरा सूनबाईला.

पुढच्या खोलीत टेबलावर काहीतरी ठक् करून पडलं.

"हे काय?" थोरल्याचा आवाज.

"फळ्यांचे नमुने. तीन प्रकारचे," सूनबाई म्हणाली.

"कशाला पण? आपलं ठरलंय ना?"

"तुमचं ठरलंय. मी अजून बघतेय."

आत्याने दोरा दाताने तोडला आणि मनातल्या मनात म्हणाली, शाब्बास.

*

थोरल्याला बायकोचा राग आला, पण तो गिळून त्याने अप्पांकडे पाहिलं. अप्पा खिडकीजवळ बसले होते, हात मांडीवर पालथे. टेबलावरच्या लाकडाकडे त्यांनी बघितलंही नाही.

धाकटीने मात्र तिन्ही तुकडे एकेक उचलून पाहिले. ती पुलांची तपासणी करायची. घरात तिला सगळे इन्स्पेक्टर म्हणायचे आणि तिच्यासमोर खुर्चीवर जपून बसायचे.

"हा कुठला?" तिने तपकिरी तुकडा हातात तोलला.

"भुसा आणि प्लास्टिक दाबून करतात," सूनबाई म्हणाली. "कुजत नाही, तेल लावायला नको. पुसलं की झालं."

"चांगला आहे. पण लाकडापेक्षा लवकर वाकतो, खालच्या तुळया जवळजवळ लावाव्या लागतात. आणि उन्हात तापतो."

"तापतो किती?"

"खिडकीत ठेव तिन्ही. तासाभराने आत्याला हात लावायला सांग. अनवाणी तीच फिरते."

सूनबाईने तुकडे खिडकीत मांडले. दुसरा सागवानी होता. तिसरा हिरवट, वाळवी लागू नये म्हणून औषध मुरवलेला. थोरल्याने त्या हिरव्या तुकड्यावरून नजर काढली आणि म्हणाला, "उगाच वेळ घालवतोय आपण. घर बंदच करायचं तर मागे सिमेंटच्या चार पायऱ्या घालू. पडणार नाहीत, कुजणार नाहीत."

"दादा, डेक फळ्यांमुळे पडत नाही सहसा," धाकटी म्हणाली. "फळ्या ज्याने धरून ठेवल्यात, ते सुटतं. बोल्ट, स्क्रू, खिळे. मी एकदा खाली जाऊन बघते."

अप्पांनी डोळे मिटून घेतले.

"बघायचं काय त्यात?" थोरला म्हणाला. "जुनं झालं होतं."

"बघितल्याशिवाय कसं कळणार जुनं झालं होतं ते?"

ती उठली. थोरला तिच्या मागोमाग निघाला. गेला नसता तर जास्त वाईट दिसलं असतं.

*

अंगणात पडलेला डेक त्याने ताडपत्रीने झाकून ठेवला होता. धाकटीने ताडपत्री बाजूला केली आणि बराच वेळ उकिडवी बसून राहिली. पुढचे खांब अजून सरळ उभे होते. अप्पांचं काम. कोपरे असे जुळवलेले की मध्ये कागद जाणार नाही. सुटली होती ती भिंतीला लागून असलेली लांब फळी. सगळ्या डेकचा अर्धा भार तीच उचलायची.

तिने फळी नखाने खरवडली. वरची धूळ गेली आणि आत हिरवट रंग दिसला.

मग ती भिंतीशी गेली. सहा ठिकाणी बोल्ट बसवलेले होते आणि सहाही ठिकाणी भिंतीलगत तुटले होते. तुटलेल्या टोकांवर पांढरी बुरशीसारखी पूड आली होती. बाहेरचे तुकडे कुठेच नव्हते. नट नाहीत, वॉशर नाहीत, काही नाही.

असं औषध मुरवलेलं लाकूड इथल्या बाजारात यायला लागून फार तर दहा वर्षं झाली होती. अप्पांनी डेक बांधला तेव्हा ते मिळतच नव्हतं. त्या औषधात तांबं असतं. ओल आली की ते साध्या चकचकीत बोल्टवरचा जस्ताचा पातळ मुलामा खातं, आणि मग खालचं लोखंड. तिने हे पादचारी पुलांवर पाहिलं होतं. बाहेरून बोल्टचं डोकं धडधाकट आणि आत मान पेन्सिलीएवढी.

अप्पांनी ही फळी लावलीच नव्हती.

तिने भावाकडे पाहिलं. तो ताडपत्रीची घडी घालत होता. चार-चार वेळा उलगडून पुन्हा घालत होता. लहानपणी काही फुटलं की हा असाच शहाण्यासारखा खोली आवरायला लागायचा.

"ही कधी बदललीस, दादा?"

"कुठली?"

"दादा."

त्याने घडी खाली ठेवली. "सहा वर्षं झाली. अप्पांचं ऑपरेशन झालं तेव्हा. आत्या दिवसभर त्यांच्याजवळ असायची. मी झाडांना पाणी घालायला आलो आणि पाहिलं तर जुनी फळी कुजलेली, बोट जात होतं आत. म्हटलं, ते घरी येऊन खाली वाकून बघतील आणि उचलायला जातील. एका दिवसात बदलली. बोल्ट दुकानातलेच घेतले. नवे होते, चांगले जाड होते. मला खरंच माहीत नव्हतं."

"आणि त्यांना सांगितलं नाहीस."

"तेव्हा म्हटलं, बरे होऊ देत. मग राहूनच गेलं."

"ते तेव्हाचं झालं. आताचं काय?"

त्याने घडी पुन्हा उचलली. मग म्हणाला, "त्या संध्याकाळीच तुकडे गोळा केले मी. गाडीत आहेत. दवाखान्यात गेलो तर अप्पा म्हणाले, माझ्या हातचं काम होतं. मी तोंड उघडलं होतं गं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात डॉक्टर आले. दुसऱ्या दिवशी जास्त कठीण झालं. तिसऱ्या दिवशी त्याहून."

धाकटीने हात झटकले. तिला त्याची कीव आली आणि त्याच वेळी एक थोबाडीतही द्यावीशी वाटली.

"जेवणं होईपर्यंत मी काही बोलणार नाही," ती म्हणाली. "त्यानंतर बोलेन."

*

जेवताना सूनबाईच जास्त बोलली. बाकी सगळ्यांच्या चमच्यांचे आवाज. नवऱ्याच्या ताटात पहिलं वाढलेलं तसंच होतं, हे तिच्या लक्षात आलं. वीस वर्षांच्या संसारात या माणसाने दोनदाच जेवण टाकलं होतं.

"आत्या, लावलात हात?" तिने विचारलं.

"लावला. तुझं ते प्लास्टिक तव्यासारखं झालंय. सागवान छान, पण एवढं भारी लाकूड पायाखाली घालायला मी काय महाराणी आहे? हिरवा बरा आहे. फक्त तो रंग बघून मला आजारी वाटतं."

"रंग उडतो काही महिन्यांत," धाकटी म्हणाली. "पण त्याला बोल्ट नीट हवेत. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले, जाड थराचे. दिसायला खडबडीत आणि कळकट असतात, टिकतात मात्र. ब्रॅकेट तसेच, त्यात जाणारे स्क्रूही तसेच. वरच्या फळ्यांना स्टेनलेसचे. दोन फळ्यांमध्ये अर्ध्या बोटाची फट, पाणी निघून जायला."

"नको," अप्पा म्हणाले.

सगळे थांबले. तेवीस दिवसांनी त्यांनी आपणहून शब्द काढला होता.

"काही बांधू नका. पायऱ्याही नकोत. घर काढून टाका." त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच पुन्हा ठेवला. "मला वाटायचं हात म्हातारे झाले तरी पूर्वीचं काम उभं आहे. तेही गेलं. माझी बहीण मेली असती. आता माझ्या हातचं काही नको आणि या घरातही नको."

"मग मलाही काढून टाक," आत्या म्हणाली. "मी पण तूच आणलेली आहेस इथे."

"अप्पा," थोरला म्हणाला.

धाकटीने खाली बघितलं.

"अप्पा, ते तुमचं काम नव्हतं. भिंतीची फळी मी बदलली होती. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा. बोल्ट चुकीचे लावले. माझ्या दुकानातले. तेच तुटले. मला त्याच दिवशी कळलं होतं."

सूनबाईच्या हातातला डाव भांड्यावर आपटला. "त्याच दिवशी?"

"हो."

"आणि मी रोज विचारतेय, अप्पा बोलत का नाहीत, डॉक्टरांना दाखवू या का. तुम्ही म्हणताय वय झालं!"

अप्पांनी हात वर केला.

"कुठले बोल्ट?" अप्पांनी विचारलं. "आण."

थोरला गाडीतून डबा घेऊन आला. अप्पांनी चष्मा लावला आणि एकेक तुकडा टेबलावर ओळीने मांडला. एकाची मान अंगठ्याने चोळली, लाल भुगा ताटाशेजारी पडला. ते दोन मिनिटं नुसतं बघत राहिले. एखादा वैद्य नाडी बघतो तसं तोंड झालं होतं त्यांचं. सूनबाईला वाटलं, या दोन मिनिटांत त्यांना कसली तरी सुटका मिळतेय, आणि त्या सुटकेचाच त्यांना संताप येतोय.

"हा चुकला तो न कळून," अप्पा म्हणाले. "मीही हाच लावला असता. मला कुठे माहीत होतं लाकडातलं औषध लोखंड खातं ते." त्यांनी चष्मा काढला. "पण तेवीस दिवस तू मला बघत होतास."

थोरला टेबलावरचा लाल भुगा बोटाने गोळा करू लागला.

"मी रात्रंदिवस तो डेक मनात बांधत होतो आणि सोडत होतो. कुठे चुकलो, कुठला खांब, कुठला सांधा. तू समोर बसून चहा पीत होतास."

ते उठले. पुढच्या पायऱ्या उतरून, घराला वळसा घालून अंगणात गेले. कुणी मागे गेलं नाही.

*

"मी राहते आज इथे," सूनबाई नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "तुम्ही जा घरी."

"वहिनी, थांब जरा," धाकटी म्हणाली. सकाळपासून ती त्याच्या विरुद्ध होती आणि आता तिचीच जीभ त्याच्या बाजूने वळत होती. "त्याने सांगितलं तरी."

"तू सांगायला लावलंस म्हणून."

"दोघी गप्प बसा," आत्या म्हणाली. "पाय माझा मोडलाय. कुणाला किती बोलायचं ते मी ठरवीन." तिने थोरल्याला जवळ बोलावलं. तो पन्नाशीचा माणूस तिच्या स्टुलाजवळ खाली बसला. "बोल्टाचं मी तुला कधीच बोलणार नाही. आमच्यासाठीच लावलास तो. पण तुझं पाप झाकायला तू मला आणि त्याला शहराच्या दोन टोकांना पाठवत होतास. तेवढं लक्षात ठेव. विसरलास तर मी आठवण करून देईन, चांगली खणखणीत."

"हो, आत्या."

"आता रडू नकोस. मला वाकून पुसता येत नाही."

खालून अप्पांची हाक आली. धाकटीसाठी होती. "इन्स्पेक्टर! इकडे ये."

सगळेच गेले. आत्याला पट्ट्यांच्या वरून दिसत होतं. अप्पा भिंतीशी उभे होते आणि बोटाने एक काळपट रेघ दाखवत होते. फळी जिथे होती त्याच्या बरोब्बर वरच्या कडेला, ओलीचा जुना डाग.

"हे बघ. पहिली फळी कुजली कशाने, विचारलंस का कुणी?"

धाकटीने डाग पाहिला. तिने तो सकाळीही पाहिला होता, पण अप्पांवर बोट जाऊ नये म्हणून मुद्दाम काही बोलली नव्हती. "वरून पाणी उतरत होतं. फळीच्या मागे."

"फळीवर पत्रा वाकवून भिंतीत घालायचा असतो. पाणी बाहेर फेकायला. मला माहीत होतं तेव्हाही." अप्पा थोरल्याकडे वळले. सरळ त्याच्याकडे बघून ते आज पहिल्यांदाच बोलत होते. "मी घातला नाही. तुझी आई रोज विचारायची कधी होणार, कधी होणार. म्हटलं पुढच्या आठवड्यात घालू. तो पुढचा आठवडा आलाच नाही. पत्रा असता तर फळी कुजली नसती, तुला बदलावी लागली नसती."

"म्हणजे तुमची चूक झाली असं नाही होत, अप्पा," थोरला म्हणाला.

"होतं. अर्धी होतं. मी तुझी सगळी घेणार नाही आणि माझी तुला देणार नाही." त्यांनी भिंतीवर हात टेकला. "तुझ्यावर मी रागावलेलो आहे. तो राग लवकर जायचा नाही, आणि घालवायची मला घाईही नाही. पण काम कुठे सुटलं ते कळलंय. ते कळल्यावर तसंच टाकून जाणारा मी सुतार नाही."

वरून आत्या ओरडली, "म्हणजे घर बंद नाही ना? मला नीट ऐकू येत नाहीये!"

"तुला सगळं ऐकू येतं!" अप्पाही ओरडले. "नाही बंद. आणि संध्याकाळचा चहा तू कर."

"पाय मोडलाय माझा!"

"हात धड आहेत ना."

*

काम सुरू व्हायला पंधरा दिवस गेले. हवे तसे बोल्ट थोरल्याच्या दुकानात नव्हतेच. त्याने ते मागवले, आणि पूर्वीचे चकचकीत बोल्ट बाहेरच्या कामासाठी कुणी मागितले तर तो आता आधी विचारू लागला, कुठल्या लाकडात घालणार? दोन गिऱ्हाइकं वैतागून निघून गेली.

अप्पा त्याच्याशी बोलत होते ते कामापुरतं. धर. सोड. अर्धा आटा अजून. जेवायला बसले की ते वर्तमानपत्र उघडायचे. सूनबाई पहिल्या चार दिवसांनी घरी परतली होती, पण तिचंही बोलणं असंच मोजकं होतं. थोरल्याने तक्रार केली नाही. सकाळी सातला यायचा, दुकान उघडायच्या वेळी जायचा.

भिंतीला सहाच्या जागी दहा छिद्रं पाडून झाली. पत्रा वाकवून तयार होता. धाकटीने सुट्टी घेऊन येऊन सगळी मापं दोनदा तपासली. नवी फळी सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर पालथी पडली होती, उचलून लावायची तेवढी बाकी. थोरल्याने खाली हात घातला.

"थांब," अप्पा म्हणाले. कानावरची जाड पेन्सिल काढून त्यांनी त्याच्यापुढे धरली. "मागच्या बाजूला लिही. तारीख. कुठलं लाकूड, कुठले बोल्ट."

"मागे कोण वाचणार? भिंतीला लागून जाईल."

"जो कुणी पुढे कधी काढेल तो वाचेल. त्याला अंदाज करत बसायला नको."

थोरल्याने लिहिलं. अक्षर लाकडाच्या रेषांवर अडखळत होतं. तारीख, लाकूड, बोल्टची जाडी. मग तो थांबला.

"कुणी लावली तेही लिही," अप्पा म्हणाले.

त्याने स्वतःचं नाव लिहिलं. पूर्ण, आडनावासकट.

अप्पांनी वाकून वाचलं. चष्मा नीट केला. "माझं राहिलं," ते म्हणाले. "माझं वर लिही. मी मोठा आहे."

वर जागा थोडीच होती. थोरल्याने बारीक अक्षरात नाव बसवलं. मग एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला धाकटी, असं त्यांनी फळी उचलून उलटी केली आणि भिंतीला टेकवली. अप्पांनी पहिला बोल्ट घातला. दाराच्या पट्ट्यांवरून वाकून आत्या बघत होती.

"जड आहे का?" अप्पांनी विचारलं.

"आहे," थोरला म्हणाला.

"मग खांदा लाव."

त्याने खांदा लावला, आणि अप्पा पाना फिरवू लागले.